एका संशोधिकेचं मत

अकोला
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचता. म्हणून हे पत्र.

दहावीच्या मुलांना पत्रलेखन शिकवताना तुम्ही सांगायचात, की पत्राचं कारण पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. माझा दुसरा परिच्छेद झाला, तरी कारण लिहिते. राजापेठेतली इंग्रजीच्या वर्गाची खोली तुम्ही ३० सप्टेंबरला सोडणार आहात, असं आईने सांगितलं. खोली सोडू नये आणि वर्ग पुन्हा सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.

माझी बाजू थोडक्यात. वर्गाच्या पंचविशीच्या कार्यक्रमात मी जे बोलले, ते मी आजही मागे घेत नाही. पण वर्ग बंद करा, असं मी म्हटलं नव्हतं. काटा चुकला म्हणून कोणी दुकान बंद करत नाही, काटा दुरुस्त करून घेतात. माझं रोजचं काम तेच आहे. मागच्या आठवड्यात एका डाळमिलचा काटा आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आला. पन्नास किलोला एकशेवीस ग्रॅम जास्त दाखवत होता. मालकाने मिल विकायला काढली नाही.

बाकी बरं आहे. माझी इथली खोली एमआयडीसीपासून चालत अकरा मिनिटांवर आहे. जेवण वेळेवर होतं.

आपली,
दीपमाला खंडारे


अकोला
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

माझं पत्र परत मिळालं. पाकीट तेच, फक्त उलटं करून चिकटवलेलं. आत लाल पेन. तिसऱ्या परिच्छेदाखाली नागमोडी रेघ आणि समासात ‘मुद्दा सुटला’. शेवटी गोलात ४/१० आणि ‘पुन्हा लिही’. ‘जेवण वेळेवर होतं’ याच्याखाली ‘काय जेवतेस?’

एकोणीस महिन्यांत तुमच्याकडून आलेले हे पहिले शब्द. एकूण सहा.

जेवते ते असं: सकाळी पोळी-भाजी, रात्री वरण-भात. रविवारी शेजारच्या पंचफुलाबाई भाकरी पाठवतात.

आता मुद्दा.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात माझी मुलाखत होती. तांत्रिक प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर आली. अर्जात मी छंद लिहिला होता, ‘इंग्रजी वाक्प्रचारांचे उगम’. एकाने म्हटलं, सांगा एखादा. मी ‘द होल नाइन यार्ड्स’ सांगितला. अर्थ, एखादी गोष्ट पूर्णच्या पूर्ण, काही मागे न ठेवता. उगम, नऊवारी लुगडं. नेसायला सगळंच्या सगळं लागतं, एक वारही बाजूला ठेवता येत नाही. ते पाहून इंग्रजांनी हा शब्दप्रयोग उचलला, असं एका संशोधिकेचं मत आहे. तुम्ही वर्गात सांगायचात तेच शब्द, त्याच क्रमाने.

समोर तिघं होते. तिघंही हसले. मधल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, “किती गोड! अमरावती का?” नोकरी मिळाली नाही.

परतताना गाडीत मी फोनवर शोधत बसले. नऊ यार्ड कशाचे, हे कोणालाच माहीत नाही. लुगड्याचे असल्याचा कुठेही पुरावा नाही. मग एकेक करत तुमचे मला पाठ असलेले बाकीचे उगम तपासले. बडनेरा येईपर्यंत चौदांची यादी झाली होती.

ती यादी मी २१ जानेवारीला कार्यक्रमात वाचली. तुमचे दोनशेच्या वर जुने विद्यार्थी आले होते. रिद्धपूरहून खुशालराव आले होते, ते तुमच्या पहिल्या तुकडीचे. ‘कन्येचे मनोगत’ म्हणून मला पाच मिनिटं दिली होती. ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणं. सरांच्या मते एका बाईने तुरीच्या डब्यात अंगठी लपवली आणि डबा सांडला. मी विचारलं, “इंग्लंडात तूर कोणाच्या वावरात होते?” लोक हसले. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे धो धो पाऊस. सरांच्या मते लंडनच्या घरांवर टिनं होती, आणि पाऊस आला की आतल्यांना वाटायचं, वर कुत्री-मांजरं भांडतायत. लोक आणखी हसले. मग मी म्हटलं, “ही संशोधिका कोण? तिला नाव नाही, गाव नाही, तिचा ग्रंथ नाही. पंचवीस वर्षं आपण सगळे एका न जन्मलेल्या बाईचं मत पाठ करतोय.”

तेव्हा सर्वांत जास्त हसले. तुम्हीही हसलात. माईक घेऊन म्हणालात, “पोरगी इंजिनिअर हाय बापा, मोजूनच बोलते.” मग सत्काराची शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलीत. फेब्रुवारीत वर्ग बंद झाला.

मुद्दा हा आहे. सुटलेला नाही.

आपली,
दीपमाला


अकोला
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

साडेपाच गुण. शेरा: ‘घटना पूर्ण. लेखिका गैरहजर.’ वरण-भाताच्या बाजूला: ‘वरणाची तूर कोणाच्या वावरातली?’ हे मी कबूल करते की मला हसू आलं. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: ‘माझी वही कुठे आहे?’

वाक्प्रचारांची वही माझ्याकडे आहे.

६ ऑगस्टला तुम्ही ती रद्दीत काढलीत. आईने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून ओढून घेतली, पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि दोन दिवसांनी अनुपबरोबर पाठवली. अमरावती-अकोला गाडीवर त्याची ड्यूटी होती. त्याने ती मला स्टँडवर दिली. खाली उतरलाच नाही, दारातूनच म्हणाला, “ताई, आईनं सांगतलं का हातातच देजो, शिटावर ठेवू नोको. तिकिटाच्या मशिनीसंगं हे काखेत धरून फिरलो मी अमरावतीपासून. काय हाय यात?”

“बाबांची वही.”

“म्हंजे तेच भांडण! मले वाटलं धापोडे-पापड असतीन.”

आईला रागावू नका. अनुपलाही नाही. पार्सल मी घेतलं, जबाबदारी माझी.

पंधरा दिवस कामावरून आल्यावर मी वही तपासते आहे. तुम्ही परवानगी दिलेली नाही, हे मला माहीत आहे. पण वही जर रद्दीत जाणार होती, तर आधी तपासून जावी.

निष्कर्ष असा. एकूण वाक्प्रचार ४१२. उगम पक्का, कागदोपत्री सापडतो असे ११८. ‘असं म्हणतात’ या प्रकारातले २३१. कोणालाच माहीत नाही असे ६३.

पुढचं मला अपेक्षित नव्हतं. पहिल्या दोन प्रकारांत तुमच्या चुका फार कमी आहेत. ‘व्हाइट एलिफंट’, न परवडणारं, न टाकता येणारं लोढणं. नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देणाऱ्या सयामच्या राजाची गोष्ट तुम्ही लिहिली आहे, कोशांत आहे तशीच, आणि पुढे ‘आख्यायिका’ असंही लिहिलं आहे. ‘बाइट द बुलेट’, दुखणं मुकाट सोसणं. शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकांच्या दातांत गोळी देत, असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे. कोशवालेही तिथे प्रश्नचिन्हच टाकतात. तुम्ही जपून लिहिणारे आहात, बाबा. मग अधूनमधून तुरीचे डबे आणि टिनाची छपरं कुठून आली?

एक गोष्ट मला सांगायला हवी. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात एक रकाना अनिश्चिततेचा असतो. काटा किती चुकतो हे तर आम्ही लिहितोच, पण तपासणारे आम्ही स्वतः किती चुकू शकतो, तेही लिहावं लागतं. तो रकाना रिकामा असला तर प्रमाणपत्र रद्द. कितीही महागडं यंत्र वापरलेलं असो.

२१ जानेवारीच्या माझ्या यादीत तो रकाना नव्हता. ज्या चौदांना मी चूक म्हटलं, त्यांतल्या नऊंचं बरोबर उत्तर कोणालाच माहीत नाही. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक कमी हसले असते.

शेवटचा प्रश्न. वहीत अडतीस ठिकाणी कोपऱ्यात पेन्सिलीने ‘प’ लिहिलेला आहे. माझ्या चौदांपैकी अकरांवर तो आहे. ‘प’ म्हणजे ‘पडताळणी बाकी’ असेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर पडताळणी न करता वर्गात का शिकवलंत?

उत्तराची वाट पाहते. हे परत पाठवताना गुण नाही दिलेत तरी चालेल.

आपली,
दीपमाला


अकोला
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

या वेळी पत्र परत आलं नाही. दहा दिवस झाले. तुमच्याकडे मुलाने काहीही लिहून दिलं तरी ते तपासून परत जायचंच. ताप असतानाही तुम्ही पलंगावर वह्या घेऊन बसायचात. त्यामुळे दहा दिवस म्हणजे तुम्ही किती दुखावलात, ते मला समजलं.

काल आईला फोन केला. तुम्ही भाजी आणायला गेला होतात. मी विचारलं, “आई, बाबांच्या वहीत ‘प’ लिहिलं आहे. म्हणजे काय?”

आई म्हणाली, “प म्हंजे पिंकी. दुसरं काय असते वं?”

माझंच घरातलं नाव, आणि मी ‘पडताळणी’ लावत बसले होते.

मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे त्यात माझं काही मिसळणार नाही.

“तू बोलतच नव्हती ना माय शाळेत. बाईनं बोलावलं होतं त्याइले, पोरीले ऐकू येते का नाई म्हनून. घरीबी हो नाई तं नाई, दोनच शब्द. मंग हे तुले लुनावर शाळेत नेत तं रोज एक इंग्रजी इचारत. काहून म्हनत असतीन वं गोरे लोकं असं? तूच सांग. अन् तू सांगत राहे. शाळेच्या फाटकापरेंत तोंड बंद नाई. हे घरी आले का पहिले वहीत लिहीत, मंग चहा पेत.”

“पण मग वर्गात खरं म्हणून का शिकवलं?”

“म्या बी इचारलं होतं. तं म्हने, सात वर्साच्या पोरीनं सांगतलं म्हटलं तं पोट्टे हसतीन. म्हून मी संशोधिका म्हनतो.”

“आणि त्या दिवशी? कार्यक्रमात सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.”

“म्हटलं ना म्या त्याइले घरी येऊन. सांगा लागत होतं तिथंच, का ते तुहेच हाये म्हनून. तं मलेच म्हने, सुंदरा, दोनशे लोकाइपुढं बोलून राहिली होती माही पोरगी, एकबी शब्द न अडखळता. तिले खाली पाहाले लावू का?”

फोन ठेवल्यावर मी वही पुन्हा उघडली. या वेळी मागून. शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलं होतं, म्हणून आधी दिसलं नव्हतं. पट्टीने सोडवलं. एक कोपरा फाटला, त्याबद्दल माफ करा. आत पेन्सिलीने, रेघ सोडून जाणारं, मोठं मोठं अक्षर:

‘नाइन यार्ड म्हणजे आजीचं लुगडं. एकपण वार ऊरत नाही. संपलं.’

तारीख जुलै २००४. खाली लाल पेनात १०/१०.

तुम्ही कोणालाही दहा देत नाही. बोर्डात आलेल्या मुलीलाही साडेनऊच दिले होते, म्हणालात अर्धा गुण माणसाने राखून ठेवावा. चारशे बारा वाक्प्रचारांच्या त्या वहीत, आणि मी पाहिलेल्या तुमच्या सगळ्या वह्यांत, दहा मला एकदाच सापडले.

मग एकेक आठवत गेलं. हिवरखेडला आजी लुगडं नेसताना मी दुसरं टोक धरून अंगणात उभी असायची, म्हणून मला वार माहीत होते. टिनंही तिच्याच घरावर होती. तुरीच्या डब्यात आई नाकातली चमकी लपवायची. अंगठी मी गोष्टीसाठी केली असणार. ‘कोल्ड फीट’, ऐन वेळी धीर सुटणं: परीक्षेच्या दिवशी फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पाय गार पडतात आणि शाळेत जावंसं वाटत नाही. हे कोणाचं मत असेल, ते मला तपासायची गरज पडली नाही.

म्हणजे त्या दिवशी मी माईकवर जिला न जन्मलेली म्हटलं, ती मीच. तुम्ही खुर्चीवर बसून ते ऐकलंत आणि हसलात. मला तेव्हा वाटलं, तुम्ही लाज झाकायला हसताय. मोजमापात मी इतकी मोठी चूक आजवर केलेली नाही.

तुमचा शेरा बरोबर होता. लेखिका गैरहजर होती. आता हजर आहे. मला माफ करा, बाबा. दोनशे लोकांपुढे जे केलं त्याची माफी पत्रात मागणं पुरेसं नाही, हेही मला समजतं.

वहीत मी एकही ओळ खोडलेली नाही. प्रत्येक पानाला शेवटी एक रकाना आखला आहे. त्यात तीनच नोंदी आहेत: ‘माहीत आहे’, ‘म्हणतात’ आणि ‘पिंकीचं’. वर्गात तिन्ही शिकवता येतील. मुलांना फक्त सांगायचं, की कोणतं कोणत्या रकान्यातलं आहे. ६३ ठिकाणी कोणालाच काही माहीत नाही. तिथे तुम्ही लुनावर विचारायचात तेच मुलांना विचारता येईल.

त्यासाठी खोली लागेल. ३० तारखेला अठ्ठावीस दिवस आहेत.

हे पत्र टाकायला जाताना पायात चप्पल आहे. तरी पाय गार आहेत.

तुमची,
पिंकी


अकोला
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

पत्र परत आलं. या वेळी नव्या पाकिटात.

लाल पेन फक्त तीन ठिकाणी आहे. लुगड्याच्या ओळीत माझा सातव्या वर्षीचा ‘ऊरत’ तुम्ही आत्ता दुरुस्त केलात. २००४ साली सोडला होतात. ‘माफ करा’ या शब्दांवर एक बरोबरची खूण आहे, नेहमीपेक्षा लांब, शेपटी समासाच्या बाहेर गेलेली. आणि शेवटी:

‘९/१०. एक गुण राखून ठेवला आहे, तो प्रत्यक्ष भेटीत. खोलीची किल्ली आधीच दिली होती, ती परत मागून घेतली. रविवार, १४ तारीख, सकाळी आठ. सध्या मुलं सहा. संशोधिकेने वहीसह हजर राहावे.’

अनुपचा फोन आला होता. म्हणाला, “ताई, बाबानं काल फळा धुतला. दोनदा. आई म्हने, लगनघर हाय का हे? अन् मले इचारत होते का पहिल्या गाडीत खिडकीची शीट भेटते का पाह्य तिच्यासाठी.”

खिडकीची नसली तरी चालेल. मी हजर राहीन. सकाळची पहिली गाडी पकडली तर आठच्या आत पोचते. अर्धा तास उशिरासाठी धरला आहे.

रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून एक नवीन नोंद करून आणते आहे. वहीत हा वाक्प्रचार नव्हता, चारशेतेरावा होईल.

‘ब्रेक द आइस’. अर्थ: बरेच दिवस न बोललेल्या माणसांनी पहिल्यांदा बोलणं.

उगम: राजापेठेत एक रसवंती होती. तिथे एक बाप आणि त्याची मुलगी काम करायचे. त्यांचं काही कारणाने बोलणं बंद झालं. उन्हाळा कडक होता, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं होतं आणि बर्फाची अख्खी लादी समोर पडलेली. लादी पोत्यात घालून फोडावी लागते. एकाने पोत्याची दोन्ही टोकं धरायची, दुसऱ्याने लाकडाने ठोकायचं. एकट्याने केलं तर लादी घसरत रस्त्यावर जाते. मुलीने एकटीने करून पाहिलं. एकोणीस वेळा लादी रस्त्यावर गेली. शेवटी ती म्हणाली, “बाबा, धरा.”

बाबांनी आधीच धरलेलं होतं.

रकाना: पिंकीचं.
अनिश्चितता: शंभर टक्के. शेवटची ओळ सोडून.

तुमची,
पिंकी